डमीचं वर्ष

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा छापखान्यात बाइंडर होता. छत्तीस वर्षं एकच छापखाना, एकच खिडकी, खिडकीजवळचं एकच टेबल. तिथे त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. उंच, सडसडीत, ताठ; आणि खिशात खरोखरच एक पोलादी पट्टी, जिचे पहिले दोन आकडे अंगठ्याने पुसून गेलेले. मीही इथे त्याला फूटपट्टीच म्हणणार आहे. तोंडावर कधी म्हटलं नाही. तोंडावर आम्ही एकमेकांना 'तुम्ही' म्हणत आलो, आणि तो मला ताई म्हणायचा.

सुरुवातीला तो मला आवडला नव्हता, हे सांगून टाकते. मी पदवीधर, विमा कंपनीत कायम नोकरीला. धाकटीने निदान एखादा कारकून बघावा असं मला वाटायचं. हा आला तो नखांच्या कडांना खळ वाळलेली घेऊन. पण वाईट काय म्हणून सांगणार? दारू नाही, जुगार नाही, आवाज चढवणं नाही. माणूस फक्त मोजायचा. मुलीला बूट आणायचे तर तिचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचा आणि तो कागद घेऊन दुकानात जायचा. दुकानदार हसायचे. बूट मात्र कधी परत करायला लागले नाहीत.

ते राहायचे एका गॅरेजच्या मागे, दीड खोलीत. त्यातली अर्धी म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्याच्या छपरावरून घरमालकिणीचा जिना. ती वर चढली की भांडी वाजायची. नळ आणि संडास अंगणात, तीन कुटुंबांत एक. हे सगळं धाकटीने सहन केलं असतं. तिला सहन व्हायचं नाही ते मालकिणीचं येणं. तिच्याकडे दुसरी किल्ली होती. मीटर बघायला, पंखा चालू राहिला का बघायला, भिंतीला खिळा ठोकला का बघायला ती सरळ कुलूप उघडून आत यायची. एकदा धाकटी आंघोळ करून केस पुसत होती आणि बाई खाटेवर येऊन बसली. म्हणाली, "चालू दे तुझं. मी कुठे परकी आहे?"

त्या दिवशी धाकटी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, ज्याची किल्ली दुसऱ्या कोणाकडे नाही असं एक दार पाहिजे मला. बाकी काही नको."

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. फूटपट्टीचा हातात येणारा पगार चोवीस हजार. घरभाडं साडेपाच हजार. लग्नापासून साठवलेले तीन लाख. एवढ्यात काय येतं, हे बघायला आम्ही तिघं बँकेत गेलो. मी गेले कारण मला फॉर्म कळतात.

कर्जाच्या टेबलावरचा माणूस तरुण होता आणि घाईत होता. त्याने पगाराची चिठ्ठी बघितली, यंत्रावर दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "बारा हजारांपर्यंत हप्ता बसतो."

फूटपट्टी म्हणाला, "कुणाला?"

"म्हणजे?"

"बारा हजार मला बसतो, का तुम्हाला बसतो?"

"पगाराच्या निम्मा हप्ता आम्ही मंजूर करतो, साहेब."

"उरलेल्या निम्म्यात किती माणसं जेवतात ते तुम्ही विचारलं नाहीत."

"ते तुमचं तुम्ही बघायचं."

"तेच म्हणतोय मी," फूटपट्टी म्हणाला आणि उठला. मला तिथल्या तिथे लाज वाटली. आज वाटत नाही. त्या दिवशी बँकेत एकच शहाणा प्रश्न विचारला गेला आणि तो त्याने विचारला.

त्याचं स्वतःचं गणित होतं पगाराच्या एक तृतीयांशाचं. आठ हजार. त्याच्यावर गेलं की आजारपणाला, दातांना, चपलेला जागा उरत नाही म्हणायचा. आठ हजारांत बसेल असं घर त्याने शोधलंही. गावाच्या कडेला एक इमारत उठत होती. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली, कोपऱ्यात ओटा, आतच न्हाणी. साडेनऊ लाख. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर. चौदा लाख. बांधणारा म्हणाला, पंचवीस हजार अनामत ठेवा, वर्षभरात ताबा देतो, तोपर्यंत दोन्हीतलं कुठलं ते सांगा.

धाकटी खालच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. आत गेलीच नाही. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर. मग आम्ही जिना चढलो. वर अजून खिडक्यांना चौकटीसुद्धा बसल्या नव्हत्या. ती एका भोकापाशी जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ बाहेर बघत राहिली. बाहेर काय होतं? मोकळं माळरान आणि विजेचे खांब. पण तिची पाठ बघून मला कळलं, आता ही खाली उतरणार नाही.

वरच्या घराचा हप्ता दहा हजार दोनशे पन्नास, आणि इमारतीचा देखभाल खर्च साडेआठशे. एकूण अकरा हजार शंभर. फूटपट्टीने ते कागदावर मांडलं आणि कागद तिच्यासमोर सरकवला.

"मी चालवीन," धाकटी म्हणाली.

"चालवीन म्हटल्याने चालत नाही."

"तुम्ही एकदा हो म्हणा. मी चालवून दाखवते."

"दाखव," तो म्हणाला. "डमी करू."

आता डमी म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. पुस्तक छापून यायच्या आधी बाइंडर त्याची एक कोरी प्रत बांधतो. तेवढीच पानं, तोच कागद, तीच शिलाई, तोच पुठ्ठा; आत अक्षर एक नाही. ती बांधून झाली की पुस्तकाची पाठ किती जाड होणार ते कळतं आणि त्या मापाने वरचं वेष्टन छापायला जातं. पट्टीने कागदाची थप्पी मोजून हे कळत नाही, कारण बांधल्यावर कागद फुगतो. बांधूनच बघावं लागतं. एकदा त्याच्या सोबत्याने डमीला हाताशी होता तो दुसराच, जरा पातळ कागद वापरला. तीन हजार वेष्टनं दोन दोन सूत तोकडी आली. रद्दीत गेली. ही गोष्ट फूटपट्टीने मला किती वेळा सांगितली असेल, गणती नाही.

तर त्याने ठरवलं की घराची डमी करायची. एक वर्ष. घर घेतलं आहे असं समजून जगायचं. भाड्याचे साडेपाच जातातच. वरचे पाच हजार सहाशे दर महिन्याच्या दोन तारखेला वेगळ्या खात्यात टाकायचे आणि त्यांना हात लावायचा नाही. त्याचे बसचे नऊशे वगळून उरलेले बारा हजार धाकटीच्या हातात. त्यात किराणा, दूध, गॅस, वीज, शाळा, औषध, सगळं. वर्षभर उसनं न घेता चाललं तर तिसरा मजला. नाही चाललं तर तळमजला. कुरकुर नाही, भांडण नाही.

मी त्याला म्हटलं, "अहो, लोक हात पाय पसरतात आणि घर घेऊन टाकतात. पगार वाढतो. सगळं आपोआप जमतं."

"पगाराबरोबर भाजीही वाढते, ताई. मी दोन्ही हिशेबातून सोडून दिलंय. व्याजाचा अर्धा टक्का मात्र जास्त धरलाय."

माझं घर मला वडिलांकडून आलेलं. मी आयुष्यात एक दिवस भाडं भरलं नाही आणि एक हप्ता भरला नाही. असं असून मी त्याला अक्कल शिकवत होते.

पहिला महिना निघाला. दुसऱ्या महिन्याच्या बावीस तारखेला धाकटी जेवणाच्या सुटीत माझ्या ऑफिसात आली. स्टुलावर बसली, पाणी प्यायली.

"ताई, दोन हजार दे."

"त्याला सांग ना."

"सांगितलं तर डमी नापास होईल."

"अगं, मग नापास होऊ दे. त्यासाठीच करतोय ना तो?"

"मुलीच्या शाळेची सहल, गॅस आणि माझी दाढ एकाच महिन्यात आली. दर महिन्याला थोडंच येणार आहे? एवढा एक महिना."

दोन हजार काढायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. मला तो सगळा प्रकारच पोरखेळ वाटत होता. मोठ्या माणसाने घर घर खेळायचं आणि बायकोने परीक्षा द्यायची. मला वाटलं, या हट्टी माणसाच्या खेळापायी माझ्या बहिणीचं घर जाणार. आपल्या दोन हजारांनी ते वाचत असेल तर काय बिघडलं?

दर महिन्याला येतच राहिलं. कधी पंधराशे, कधी अडीच हजार. आणि दाढ तिने काढलीच नाही, लवंग धरून वर्ष काढलं. वर्षाचे माझे पंचवीस हजार दोनशे झाले. मी लिहून ठेवत होते. मागायचे म्हणून नाही, ऑफिसची सवय.

महिनाअखेरीला फूटपट्टी तिला विचारायचा, "किती उरले?"

ती म्हणायची, "पंचेचाळीस." आणि पंचेचाळीस टेबलावर ठेवायची.

"किराणावाला?"

"चुकता."

"उसनं?"

"नाही."

तो वहीत लिहायचा. ती कधी शून्य सांगायची नाही, आणि कधी पाचशेही सांगायची नाही. पंचेचाळीस, एकशे दहा, सत्तर. एकदा तिने मुद्दाम तीस तुटले म्हणून सांगितलं आणि त्याच्या बसच्या पैशांतून मागून घेतले. मला हे सांगताना हसली. मीही हसले. तो मापात हुशार होता, पण आमच्या घरात शाळेत जाऊन खोटं शिकावं लागलं नव्हतं.

म्हणजे काय झालं ते लक्षात घ्या. त्याने डमीला घातलेला कागद आम्ही दोघी बहिणींनी त्याच्या नकळत बदलला.

वर्ष संपलं. त्याने वेगळ्या खात्याचं पासबुक आणलं. सदुसष्ट हजार दोनशे. ते घराच्या नोंदणीच्या खर्चाला लागले. छत्तीस वर्षांत तो एकदाच कामावरून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन निघाला असेल, तो त्या दिवशी. टॅक्सी करून आम्हाला सगळ्यांना इमारतीवर घेऊन गेला. वर जाऊन त्याने प्रत्येक भिंत मोजली, नकाशाशी ताडून बघितली, आणि मला म्हणाला, "ताई, अकरा हजार शंभर. बसतं. मला वाटलं नव्हतं, पण हिने बसवलं." धाकटीकडे त्याने असं बघितलं की मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

राहायला गेल्यावर मी आणखी नऊ महिने पैसे देत राहिले. आता का, असं मला कुणी विचारायला नव्हतं. मग मी निवृत्त झाले. पगाराच्या जागी पेन्शन आलं, निम्म्याहून कमी. मी धाकटीला सांगितलं, "आता मला जमायचं नाही. तू त्याला खरं सांग."

"सांगते," ती म्हणाली.

सांगितलं नाही.

नंतरच्या एकवीस महिन्यांविषयी लिहायला मला आवडत नाही. व्याज वाढलं, पण त्याने धरलं होतं तेवढंच. पगार थांबला नाही. कुणी आजारी पडलं नाही. त्याने धरलेली एकही गोष्ट चुकली नाही, आणि तरी दर महिन्याला पंचवीस तारखेच्या पुढे घरात पैसे नसायचे. एक हप्ता उशिरा गेला. मग एक गेलाच नाही. पुढच्या महिन्यात दोन भरायचे, तर पुढच्या महिन्यात एकाचेही नव्हते.

आणि मग त्याने तो प्रश्न विचारायला सुरुवात केली, जो कुणीही सरळ माणूस विचारील.

मी एकदा सकाळी गेले होते. तो टेबलाशी बसला होता, समोर डमीची वही आणि चालू महिन्याची वही, दोन्ही उघड्या. धाकटी भाजी निवडत होती.

"डमीच्या मार्चमध्ये किराणा साडेतीन हजार," तो म्हणाला. "या मार्चमध्ये छत्तीसशे. शंभरच जास्त. वीज तेवढीच. दूध तेवढंच. मग अठराशे कुठे गेले?"

"खर्च झाले."

"कशाला?"

"मला सगळं आठवत नाही."

"तेव्हा आठवायचं. तेव्हा तू पंचेचाळीस रुपये सांगायचीस." आवाज शांत होता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. "मला फक्त समजून घ्यायचंय. तीच माणसं, तोच पैसा. वर्षभर चाललं आणि आता का चालत नाही?"

धाकटीने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. मी पन्नास-पन्नास माणसांच्या मीटिंगमध्ये साहेबांना तोंडावर बोलणारी बाई. मी चहा संपवला आणि म्हणाले, "निघते मी. ऊन होईल."

त्यानंतर बाजार त्याने स्वतःकडे घेतला. कामावरून येताना भाजी आणायचा, तोललेली. धाकटी काही आणायला गेलीच तर पिशवी दारात उघडून बघायचा. चोर म्हणून नाही. चूक सापडावी म्हणून. पण दारात पिशवी उघडून दाखवणाऱ्या बाईला हा फरक कसा कळणार? मुलीची पेन्सिल संपली की ती जुनी थोटकी दाखवूनच नवी मागायची. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं. किल्ली दुसऱ्या कोणाकडे नसलेल्या त्या दाराआड अशी एकवीस महिने झडती चालली.

सहा हप्ते थकले तेव्हा त्याने स्वतःच बँकेत जाऊन घर विकायचं सांगितलं. बाजार पडलेला, गिऱ्हाईक घासाघीस करणारं. बँकेचं फेडून तीन लाखांतले एक लाख दहा हजार हाती आले. ते परत भाड्याच्या जागेत गेले. दुसरी मालकीण, दुसरं अंगण. धाकटीने या वेळी किल्लीचं नावसुद्धा काढलं नाही.

फूटपट्टीने त्यानंतर घरात मोजणं सोडलं. पगार आणून धाकटीच्या हातात द्यायचा आणि विचारायचा नाही. छापखान्यात मात्र तो शेवटच्या दिवसापर्यंत डम्या बांधत होता आणि एकही चुकली नाही. लोक सांगतात. मला तो एकदा म्हणाला, "ताई, पुस्तकाचं कळतं मला. घराचं मी कुठेतरी चुकलो. कुठे ते अजून सापडत नाही." या गोष्टीला तेव्हा सात वर्षं झाली होती. मी म्हटलं, "होतं असं. सोडून द्या." एवढं सोपं होतं ते मला.

गेल्या वर्षीपर्यंत मी गप्प होते. गेल्या वर्षी मुलीला पगारवाढ मिळाली. ती आता एकोणतीस वर्षांची आहे, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, आणि वेगळी भाड्याने राहते. एका रविवारी दुपारी आम्ही सगळे त्यांच्या खोलीत बसलो होतो. मुलगी म्हणाली, "बाबा, मी घर बघतेय. मला झेपेल का ते सांगा ना जरा मांडून."

"मला नाही जमत. बँकवाल्याला विचार."

"बँकवाला निम्मा पगार म्हणतो."

"मग निम्मा."

"बाबा, तुमच्यासारखा हिशेब कुणाचा असतो का?"

"माझ्या हिशेबावर जाऊ नकोस," तो म्हणाला. "माझ्या हिशेबाने तुझं घर गेलंय एकदा."

तो हे कुढून म्हणाला नाही. बूट कुठल्या मापाचा लागतो ते सांगावं तसं म्हणाला. आणि मला एकदम राग आला. त्याचा नाही. शहात्तराव्या वर्षी माणसाला स्वतःचा राग आला की तो फार वेळ धरवत नाही.

मी म्हटलं, "तुमचा हिशेब चुकला नव्हता. डमीच्या वर्षी मी हिला दर महिन्याला पैसे देत होते."

धाकटी ओट्याशी होती. तिने गॅस बंद केला, पण वळली नाही.

फूटपट्टीने विचारलं, "किती?"

मला वाटलं होतं तो 'का' विचारील. "वर्षाचे पंचवीस हजार दोनशे."

"म्हणजे महिना एकवीसशे." त्याने विजेच्या बिलाचं पाकीट ओढलं आणि मुलीकडून पेन घेतलं. "राहायला गेल्यावर?"

"नऊ महिने दिले. मग निवृत्त झाले."

"नऊ महिने," तो म्हणाला. "बरोबर. दहाव्या महिन्यापासून तुटायला लागलं." त्याने मान हलवली. आज वीस वर्षांनी त्याला चूक सापडली होती, आणि ती त्याची नव्हती, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला आनंदाचा मागमूस दिसला नाही.

तो लिहीत राहिला. अकरा हजार शंभरातून एकवीसशे गेले, नऊ हजार. तळमजल्याची खोली साडेनऊ लाख, त्यातून तीन लाख वजा, साडेसहा लाखांचं कर्ज, पंधरा वर्षं. हप्ता आणि देखभाल धरून सात हजार तीनशेच्या आत. महिना सतराशे हातात राहून. आकडे त्याला अजून पाठ होते.

"चार वर्षांपूर्वी फिटली असती," तो म्हणाला. "खोली आपली असती."

"मी त्या खोलीत राहिले नसते," धाकटी म्हणाली. अजून ती पाठमोरीच होती.

"माहीत आहे."

"मग?"

"मग तू नाही म्हणाली असतीस. मी हो म्हणालो असतो. भांडलो असतो आपण. चार दिवस, आठ दिवस." त्याने पेन खाली ठेवलं. "मी एकवीस महिने तुझ्या पिशव्या बघितल्या. तू सांगायचंस."

"तुम्ही विचारायला लागलात तेव्हा सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. सांगितलं असतं तर वर्षभर रोज तुमच्या तोंडावर खोटं बोलले हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही मला उधळी समजत होतात ना? मला ते बरं वाटलं. उधळी बाई निदान चोर तरी नसते."

मुलगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. मी म्हटलं, कारण गप्प बसणं मला आयुष्यात नको तिथेच जमलं, "चुकलं माझं. मुलीच्या घराला सुरुवातीचे पैसे मी देते. मला कुणासाठी ठेवायचेत?"

"नको," फूटपट्टी म्हणाला.

"मी तिला देतेय. तुम्हाला नाही."

त्याने पाकीट उलटं केलं आणि मुलीला विचारलं, "पगार किती हातात येतो?"

तिने सांगितलं.

"पगाराशिवाय आणखी कुठून काही येतं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मावशी देते. फार नाही. महिन्याला दीड हजार, कधी दोन."

ते खरं आहे. मी तिला देते. पहिल्या नोकरीपासून देते. एकटी मुलगी, भाडं भरते, तिला पुरत नाही. आणि माझ्याकडे आहे. मी ते कधी त्या जुन्या पैशांशी जोडलं नव्हतं. खरंच जोडलं नव्हतं. त्या खोलीत बसून त्या तिघांपैकी कुणालाही ते पटवून देता आलं नसतं.

"पुढच्या महिन्यापासून घेऊ नकोस," तो मुलीला म्हणाला. "एक वर्ष. मग ये, मी मांडून देतो." आणि माझ्याकडे न बघता, "ताईंनी वर्षभर तुझ्याकडे फक्त जेवायला यायचं."

आज त्याला सात महिने झाले. मुलीला पुरत नाही, मला दिसतंय. तिने रात्रपाळी घेतली आहे, डोळ्यांखाली काळं आलं आहे, आणि ती बघते आहे ते घर या सात महिन्यांत दोनदा महाग झालं. मी फोनवर फूटपट्टीला म्हटलं, "तुमचं वर्ष पुरं होईपर्यंत ते घर राहायचं नाही."

"नाही राहिलं तर तिला ते परवडत नव्हतं," तो म्हणाला.

"आणि मी दिले असते तर?"

"तर तुम्हाला परवडलं असतं, ताई. तिला नाही." आणि त्याने फोन धाकटीच्या हातात दिला.

धाकटी मला म्हणाली, "काय करायचं ते तू आणि मी ठरवायचं नाही आता." ती कधी माझ्याशी अशी बोलली नव्हती. मी तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी आहे. तिला शाळेत मी घातलं, तिच्या लग्नाचा खर्च मी केला, आणि तिचं घर मी घालवलं. हे तिन्ही मी एकाच हाताने केलं, आणि तो हात आता मांडीवर ठेवून बसायचं मला कुणी शिकवलेलं नाही.